तेल माखलेलं बियाणं

घरोघरी दिव्यात अजून करडईचं तेल जळत होतं, त्या काळची ही गोष्ट. डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात एक कणगी होती. आता तुम्ही म्हणाल, कणगीचं काय कौतुक? बांबूच्या कामट्यांचं विणलेलं, शेणामातीनं लिंपलेलं, धान्य साठवायचं उंच टोपलं. शेतकऱ्याच्या प्रत्येक घरात असतं. खरं आहे. पण ही कणगी कुणा एका घराची नव्हती, सगळ्या खोऱ्याची होती, आणि तिच्यात खायचं धान्य नव्हतं. तिच्यात बियाणं होतं.

खोऱ्यातली जमीन हलकी आणि पाऊस बेताचा. बाहेरची ज्वारी तिथं पेरली तर गुडघाभर व्हायची आणि माना टाकायची. तग धरायची ती एकच, लालसर दाण्याची, तिथलीच. दसऱ्याच्या सुमाराला ओल धरलेल्या रानात ती पेरायची, मग थंडीवर आणि दवावर ती वाढायची आणि माघात कणसं भरायची. हे बी दुसऱ्या कुठल्याच मुलखात मिळत नसे, म्हणून गावाने ते जिवापाड जपलं होतं.

जपायचा रिवाजही ठरलेला होता. दर वर्षी कणगीचा पालट व्हायचा. आतलं जुनं बी काढून गावाच्या बियाण्याच्या वावरात पेरायचं. त्या वावरात प्रत्येक घरातून कुणी ना कुणी राबायला यायचं. पीक आलं की टपोरी कणसं तेवढी निवडायची, मळायची आणि नवं बी कणगीत भरायचं. पेरून उरलेल्या जुन्या बियाच्या भाकऱ्या व्हायच्या आणि त्यातला तुकडा तरी प्रत्येक घरी पोचायचा. पालटाची भाकरी म्हणत तिला. ती चाखल्याशिवाय नवं साल लागलं असं कुणी मानत नसे.

या कणगीची राखण एका घराकडे होती, आणि त्या घरात तेव्हा धुरपा होती. नवरा लवकर गेलेला, पदरात सटवा नावाचा एकुलता एक मुलगा. सासूने मरताना तिच्या हातात कणगीचं झाकण दिलं आणि म्हणाली, "धुरपे, हे बी दर साली मातीत गेलं तरच जितं ऱ्हातं. नुसतं ठिवून दिलंस तर दाणा दिसंल, पर आत जीव नसंल."

धुरपाने ते गाठीला बांधलं. बाई कामाला खमकी आणि तोंडाने फटकळ. वावरात उशिरा आलेल्याचा ती असा काही पाणउतारा करायची की पाटीलसुद्धा त्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आधी येऊन बांधावर उभे राहायचे.

एका उन्हाळ्यात त्याच गावातला एक माणूस विहीर खणत होता. पाणी लागायच्या ऐवजी तळातून काळं, दाट, नाकाला झोंबणारं काहीतरी वर आलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला. बायकोने तर विहिरीलाच शिव्या घातल्या. मग कुणीतरी त्यात चिंधी बुडवून पेटवून पाहिली. चिंधी भडभडून पेटली आणि किती तरी वेळ विझेना.

ही बातमी डोंगर ओलांडून शहरात गेली आणि तिथून एक व्यापारी आला. तो विहिरीच्या काठावर वाकला, बोट बुडवून त्याने वास घेतला आणि हसला.

"पाटील," तो म्हणाला, "तुमच्या पायाखाली दिवाळी पुरून ठेवली आहे. ती वर काढायला माणसं द्या, बाकी सगळं माझ्यावर सोडा."

माणसं मिळाली. ज्याच्या त्याच्या रानात खोल खड्डे खणले जाऊ लागले. काळं तेल वर यायचं, मोठ्या कढयांत तापवून गाळलं जायचं आणि बुधल्यांत भरून गाड्यांनी शहराकडे जायचं. राजाच्या किल्ल्यावरच्या मशाली त्यावर जळत, सावकारांच्या माड्यांवरचे दिवे त्यावर जळत, गाड्यांच्या आसांना त्याचंच वंगण लागे.

आणि खोटं कशाला बोलायचं, खोऱ्याला चांगले दिवस आले. गाड्या जायच्या म्हणून पक्का रस्ता झाला. रस्ता झाला म्हणून बाजार भरू लागला. वैद्य येऊन राहिला, त्यामुळे तापाने फणफणून मरणारी कितीतरी पोरं वाचली. पंतोजींनी शाळा घातली. गवताच्या छपरांवर कौलं चढली. ज्या बाया दोन लुगडी वर्षभर पुरवत होत्या, त्यांच्या दांडीवर रंगीत लुगडी वाळू लागली. आजूबाजूच्या मुलखातले लोक आपल्या मुली या खोऱ्यात द्यायला धडपडू लागले. यातलं काहीही वाईट नव्हतं, आणि ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना नावं ठेवायचं मला कारण नाही.

पण त्याबरोबर दुसरंही काही घडत होतं, हळूहळू, कुणाच्या नजरेत न भरता. शहरातून स्वस्त गाडगी आली तसा कुंभाराने चाकाला हात लावायचा सोडला. कोष्ट्याने माग मोडून जळणात घातला आणि तो बुधले भरायला जाऊ लागला. लोहाराच्या भट्टीत नांगराचे फाळ होईनासे झाले, नुसत्या पहारी आणि कुदळी. खड्ड्यावरच्या मजुरीपुढे शेतातलं राबणं म्हणजे वेडेपणा वाटू लागला. रानं पडीक पडली. ज्वारी, डाळ, मीठ, गूळ सगळं गाडीतून यायचं. ओढ्याच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसू लागला, तेव्हा प्यायचं पाणीही वरच्या झऱ्यावरून गाडीने आणायची सोय झाली. तेल बाहेर जायचं आणि बाकी सगळं आत यायचं.

सटवा मोठा झाला, खड्ड्यावर मुकादम झाला. शेजारी एक चिमुरडी होती. ती चार शब्द बोलायला लागली तेव्हा एकदा तिने धुरपाला विचारलं, "आजे, ज्वारी कंच्या गाडीत पिकती?" घरातले सगळे हसले. धुरपाही हसली, पण तिला ते हसू जड गेलं.

कारण तिचं वावर अजून चालू होतं. आधी घरोघरचे लोक यायचे. मग घरटी माणूस येण्याऐवजी गल्लीतून एकजण येऊ लागला. मग म्हाताऱ्यांनीच तेवढं यायचं ठरलं, आणि म्हातारे काय, आज आहेत उद्या नाहीत. शेवटी शेवटी धुरपा एकटीच वाकून पेरायची, एकटीच खुरपायची, एकटीच राखण करायची. पालटाची भाकरी घेऊन ती दारोदार जायची तेव्हा लोक हात पुढे करायचे, पण त्यांच्या उंबऱ्यावरच्या कुत्र्यांना तिने ती लाल भाकरी खाताना पाहिली होती.

एके दिवशी पाटील आणि व्यापारी तिच्या दारात आले. बरोबर सटवाही होता, पण तो मागे, खाली मान घालून उभा राहिला.

"काकी," पाटील म्हणाले, "तुमच्या वावराखाली त्याल हाय. गावात दुसरीकडं न्हाई येवढं हाय म्हनत्यात."

"आसंल. त्ये बियाचं वावर हाय."

"अवो, पर बी हाय की कनगीत! काठोकाठ भरल्याली हाय. आता पुन्यांदा पुन्यांदा कशापाई पेरायचं?"

"त्ये मरतं म्हून."

व्यापारी आदबीने पुढे झाला. "आजीबाई, तुमच्याकडे तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून ठेवतात ना? का बरं?"

"किडा लागू ने म्हून."

"मग तेच करू. माझ्याकडचं सगळ्यात गाळीव तेल देतो. दाण्यादाण्याला चोळा. कीड नाही, भुंगा नाही, बुरशी नाही. कणगीसाठी दगडी खोली बांधून देतो, वर अखंड दिवा. तुमचं बी नातवंडांच्या नातवंडांपर्यंत जसंच्या तसं राहील."

धुरपाला उत्तर ठाऊक होतं. खायच्या डाळीला तेल चोळतात, पेरायच्या बियाला कुणी चोळत नाही, हे तिला काय, तिच्या शेळीलाही ठाऊक असेल. तिचा शब्द नसताना त्या वावराला हात लावायची कुणाची छाती नव्हती, हेही तिला ठाऊक होतं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

तेवढ्यात सटवा म्हणाला, "आये, त्या खड्ड्याचा मुकादम मला करनार हायेत. आन् तुझं गुडघं बग जरा. लोक हसत्यात मला. म्हनत्यात, मुकादमाची आय एकली वावरात वाकती."

धुरपाने आपले गुडघे पाहिले. सुजलेले, काळवंडलेले. एकटीने खुरपलेलं ते वावर, ती उन्हं, ती कुत्री तिच्या डोळ्यांपुढे आली. आपण कुणासाठी राबतो आहोत हेच तिला कळेना. तिला विसावा हवा होता, आणि तो मागायला एवढं चांगलं निमित्त पुन्हा आलं नसतं.

"करा काय करायचं त्ये," ती म्हणाली.

मान तिचा, म्हणून तेल तिनेच चोळलं. मोठ्या परातीत बी ओतून, पातळ पिवळसर तेल घालून, दोन्ही हातांनी. दाणे लखलखायला लागले. बघायला आलेली माणसं म्हणाली, काय देखणं दिसतंय! धुरपाच्या हाताचा वास मात्र किती दिवस राखेने घासूनही गेला नाही.

पुढच्या आठवड्यात वावरात खड्डा पडला, तेल फळफळून वर आलं आणि गावाने गुळाचा खडा वाटला.

मग दगडी खोली झाली. आत कणगी, तिच्यावर अखंड दिवा. पालट बंद झाला आणि त्याच्या जागी पूजा सुरू झाली. पूर्वी ज्या दिवशी लोक खुरपी घेऊन यायचे त्या दिवशी आता नवी लुगडी नेसून, हळदकुंकू घेऊन यायचे. कणगीला ओवाळायचे आणि तिच्या शेजारी पाटावर बसलेल्या धुरपाच्या पाया पडायचे. तिला कणगीआई म्हणायचे. पालटाच्या भाकरीऐवजी पेढे वाटले जायचे. धुरपा पहिल्या वर्षी संकोचली. दुसऱ्या वर्षी तिने पाटावर नीट मांडी घातली. पुढे पुढे तर कुणी पाया न पडता गेलं तर तिच्या लक्षात राहू लागलं. माणूसच ती, तिला तरी किती बोलायचं!

अशी बरीच वर्षं गेली. सटवाला उशिरा गोदी नावाची मुलगी झाली. ज्यांना नांगर धरता यायचा ती माणसं गेली किंवा विसरली. कणगीत बी आहे एवढं सगळ्यांना माहीत होतं, आणि तेवढ्यावर सगळे निश्चिंत होते. एखादा कुरकुरला की तेल संपलं तर काय, तर दुसरा हसून म्हणायचा, "कनगी हाय की!"

आणि मग तेल संपलं. एका खड्ड्यातून तेलाऐवजी खारं पाणी आलं, पाठोपाठ दुसऱ्यातून आलं, उन्हाळा सरेपर्यंत सगळ्यांतून आलं. अजून खोल खणलं तर अजून खारं पाणी. व्यापाऱ्याने कढया उतरवल्या, बुधले गाडीत घातले. तो काही दुष्ट माणूस नव्हता, त्याने सगळ्यांचा हिशेब चुकता केला आणि पाटलांचा हात हातात घेऊन निरोपही घेतला. त्याचं काम संपलं होतं, एवढंच.

गाड्या जायच्या थांबल्या तशा यायच्याही थांबल्या. रिकाम्या हाताने जाणाऱ्याला ज्वारी कोण देणार? वैद्य गेला, पंतोजी गेले. लोकांनी आधी पितळेचे दिवे विकले, मग लुगडी. कौलं विकायला काढली, पण कौलं घ्यायला त्या खोऱ्यात कोण येतो! पावसाळा अर्ध्या पोटाने गेला. दसरा जवळ आला तेव्हा घराघरात थोडं थोडं धान्य उरलं होतं आणि पाणी आणायच्या गाड्यांचे काही बैल उरले होते.

पाटलांनी गाव गोळा केलं. दगडी खोलीसमोरच सगळे बसले.

सटवा आधी उठला. खड्डे बंद झाल्यापासून तो गप्पगप्प असे, पण त्या दिवशी बोलला. "माझं ऐकशीला तर आत्ता निघू या. डोंगरापल्याड नदीकाठच्या मुलखात सुगी चालू हुतीय. दिवाळीपतूर तितं मानसं कामाला लावून घेत्यात, मग कुनी उभं करत न्हाई. बैलांच्या अंगात अजून जीव हाय, वाटंला पुरंल येवढं दानं हायेत. चार म्हैन्यांनी यातलं कायबी ऱ्हानार न्हाई."

"आन् ही कनगी?" पाटील म्हणाले. "आरं, वाडवडलांनी ह्याच दिसासाठी ठिवली न्हवं? बैल हायेत तर त्ये नांगराला जुपू. वरच्या अंगाची रानं अजून चांगली हायेत. माघात कनसं भरत्यात. तवर कळ काढू. आपला मुलूख सोडून दुसऱ्याच्या बांदावर कशापाई जायचं?"

काहीजण सटवाच्या बाजूने झाले, काहीजण पाटलांच्या. शेवटी कुणीतरी म्हणालं, "कनगीआईलाच इचारा. ती सांगंल त्ये खरं."

आता आदल्या दिवशीचं सांगायला हवं. लोक आपल्यालाच विचारणार हे धुरपाला कळून चुकलं होतं. बी जितं आहे की मेलं, हे पाहायला काही लागत नाही. मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधायचे आणि दोन दिवस थांबायचं. जीव असला तर मोड येतात. तिने कणगीतून मूठभर दाणे काढले. फडकं घेतलं, पाण्यात बुडवलं, पिळलं. दाणे त्यावर ठेवणार तोच तिचा हात थांबला. मग तिने दाणे परत कणगीत टाकले आणि ते ओलं फडकं दांडीवर वाळत घातलं.

आणि आता सगळं खोरं तिच्याकडे बघत होतं. बाया डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून बसल्या होत्या. सटवा उभा होता, त्याच्या कडेवर गोदी होती.

"कनगीआई," पाटलांनी विचारलं, "बी उगवंल न्हवं?"

मला ठाऊक नाही, एवढं म्हणता आलं असतं. दोन दिवस थांबा, मोड येतात का बघू, हेही म्हणता आलं असतं. पण मग लोकांनी विचारलं असतं, तुला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं तर पाटावर बसून आम्हाला पाया कशाला पडू दिलंस? तिने सटवाकडे पाहिलं नाही.

"उगवंल," ती म्हणाली.

कणगीआईचा जयजयकार झाला. सटवाने एक सुस्कारा टाकला आणि गोदीला खाली उतरवलं. आईच्या शब्दापुढे तो कधी गेला नव्हता.

कणगी उघडली तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. वरपासून खालपर्यंत एक भुंगा नाही, एक टोका नाही. दाणे काल भरल्यासारखे चमकत होते. मोडके नांगर दुरुस्त झाले, थकलेले बैल जुंपले गेले. नांगर धरायची सवय मोडलेल्या माणसांच्या तळहातांना फोड आले, तरी कुणी तक्रार केली नाही. कितीतरी वर्षांनी सगळं गाव एका रानात वाकलं होतं. घरात उरलं होतं त्यातलंच थोडं शिजवून सगळे बांधावर बसून जेवले, हसले, जुनी गाणी आठवून आठवून म्हणाले. धुरपा बांधावर बसून ते बघत होती, आणि तिच्या मनात येत होतं, कोण जाणे, उगवेलही.

आठवडा गेला. लोक सकाळी उठून रानाकडे जायचे, वाकून बघायचे आणि परत यायचे. पाटील म्हणाले, यंदा थंडी उशिरा आहे. अजून एक आठवडा गेला. कुणीतरी म्हणालं, बी फार दिवस झोपलेलं, उठायला वेळ लागणारच. दिवाळी आली. रानात गवत आलं, ज्वारी आली नाही. तोवर बैलांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या आणि घरातल्या कणग्यांचे तळ खरवडून झाले होते.

एका दुपारी सटवा घरी आला. धुरपा चुलीपुढे बसली होती, चुलीत विस्तव नव्हता. त्याने तिच्यासमोर मूठ उघडली. हातात माती होती आणि मातीत दाणे.

"उकरून आनलं, आये."

धुरपाने दाणे तळहातावर घेतले. ते कुजले नव्हते, फुगले नव्हते. त्यांना मातीने शिवलंच नव्हतं. बोटाने पुसले तर परातीत चोळले होते तसेच लखलखले, आणि नाकाला तोच वास आला.

"आये," सटवाने विचारलं, "तुला ठावं हुतं?"

धुरपाला नाही म्हणावंसं वाटलं. पण आता खोटं बोलून वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली.

"मंग बोलली का न्हाईस?"

"समदे पाया पडत हुते, सटवा. मला वाटलं, आता कुठल्या तोंडानं सांगू."

सटवा ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही. दाणे तिच्या हातात तसेच ठेवून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी गाव निघालं. गाड्यांना जुंपण्यासारखे बैल राहिले नव्हते, म्हणून सगळे पायीच निघाले. नदीकाठची सुगी संपत आली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण इथे राहून तरी काय करणार होते? दगडी खोलीवरून जाताना कुणी हात जोडले नाहीत. कुणी दगडही मारला नाही. सटवा गोदीला पाठीवर बांधून आला, आईला म्हणाला, "चल." धुरपाने आपल्या गुडघ्यांकडे बोट केलं. तिला न्यायचं तर गोदीला खाली ठेवावं लागलं असतं, हे दोघांनाही कळत होतं. त्याने उरलेल्या पिठाचं गाडगं तिच्याजवळ ठेवलं आणि तो गेला. गोदी मान वळवून वळवून बघत होती.

थंडी संपता संपता एक धनगर मेंढरं घेऊन खोऱ्यात उतरला. रिकाम्या गावात एक म्हातारी पाहून तो दचकलाच. त्याने तिला दूध दिलं, भाकरी दिली. धुरपाने विचारलं, "घाटात आमची मानसं भेटली का?"

"भेटली की," तो म्हणाला. "लई हाल झालं त्यांचं. मोटी मानसं बरीच पोचली. कुनी त्यांना धड काम दिलं न्हाई, पर पोचली."

"आन् पोरं?"

धनगर मेंढरांकडे बघत राहिला.

"गोदी म्हून एक हुती. बापाच्या पाठीवर."

"नाव मला ठावं न्हाई, आजे," तो हळू आवाजात म्हणाला. "पर एक बाप्या घाटात दगडं रचून बसला हुता. लोकांनी वडून न्हेला त्याला."

धुरपा रडली. मोठ्याने, ऊर बडवून रडली, आणि तिला उगी कर म्हणायला त्या गावात कुणी नव्हतं. धनगर तिला बरोबर चल म्हणाला, ती गेली नाही. तो अधूनमधून येताजाता तिच्यासाठी भाकरी ठेवून जाऊ लागला, आणि ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती त्याच्याचकडून.

तो सांगे, म्हातारी दगडी खोलीत राहते. कणगी रिकामी आहे, दिव्यात तेल नाही. तिच्यापुढे एक ओलं फडकं असतं, त्यात मूठभर दाणे बांधलेले असतात. रोज सकाळी ती गाठ सोडते, एकेक दाणा बोटाने फिरवून बघते, कुठे मोड दिसतो का. दिसत नाही. मग ती फडकं पुन्हा भिजवते आणि पुन्हा बांधते. त्याने एकदा तिला विचारलं, "आजे, रोज रोज काय बगतीस?"

ती म्हणाली, "जे तवा बगायला पायजे हुतं त्ये."

ही गोष्ट मुलांना सांगाल तेव्हा तात्पर्य एवढंच सांगा: जे दर वर्षी राबून जिवंत ठेवायचं असतं, ते भरभराटीच्या दिवसांत नुसतं पुजून टिकत नाही. आणि ते मेलं आहे अशी ज्याला शंका येईल, त्याने लोक पाया पडत असतानाच तोंड उघडावं.